मेंढवाड्यातली मिस्सा

१

रविवारी सकाळी ओनोराचं पहिलं काम म्हणजे माळ्यावरचा पडदा खाली काढणं. आठवडाभर तो लोकरीच्या पोत्यांखाली घडी घालून ठेवलेला असे. तिनेच विणलेलं जाड, तपकिरी घोंगडं होतं ते. माणसाच्या उंचीचं, मधोमध हात जाईल एवढी फट राखलेलं. ते खांद्यावर टाकून ती आणि तिचा नवरा दिआर्मिड डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या पडक्या मेंढवाड्याकडे निघत. वाटेत कुणी परकं भेटलंच, तर हरवलेली मेंढी शोधतोय म्हणायचं.

मेंढवाड्याच्या दगडी भिंती शाबूत होत्या, छप्पर मात्र कधीच गेलं होतं. मागच्या भिंतीत एक खिंडार होतं. खिंडाराच्या अलीकडे एक सपाट दगड होता, तीच वेदी. त्या दगडाच्या पुढ्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधून दिआर्मिड पडदा टांगत असे. मग कूमरो गावातली सगळी घरं येत. माणसं पडद्याच्या अलीकडे चिखलात गुडघे टेकत आणि मान खाली घालत. फादर लोकलन मागच्या खिंडारातून आत येऊन पडद्यामागे मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, म्हणत. पवित्र भाकर द्यायची वेळ आली की फटीतून त्यांचा हात बाहेर येई.

यात गंमत काही नव्हती. फादरांनी राजाच्या पंथाची सरकारी शपथ घ्यायला नकार दिला होता. त्यांनी मिस्सा म्हणणं गुन्हा, त्यांना घरात ठेवणं गुन्हा. संशय आला की मॅजिस्ट्रेट गावातल्या कुणालाही उचलून नेई, बायबलवर हात ठेवायला लावी आणि विचारी, "मिस्सा कोणी म्हटली?" खोटी शपथ घेणं पाप. खरं सांगणं म्हणजे फादरांना हद्दपारीच्या जहाजावर चढवणं, नाहीतर फासावर. पडदा असला की माणूस देवाला स्मरून सांगू शकत होता, "आम्ही कोणाला पाहिलं नाही, साहेब."

शेजारची नाबला, गावची सुईण, तोंडाची फटकळ. ती म्हणायची, "पडद्यामागे बिशप आहे की बोकड, मला काय ठाऊक? खोकला तेवढा आपल्या फादरांचा."

खोकला खरंच त्यांचाच असे. दर दोन वाक्यांनी खाकरणं, मग "माफ करा हं" असं पुटपुटणं, मग पुन्हा लॅटिन. माणसं मान खाली घालून हसत. मग ओनोरालाही बरं वाटे.

फादरांना स्वतःचं घर नव्हतं. आज या घरी, उद्या त्या घरी. ज्याच्याकडे असतील तिथे बटाटे आणि ताक आनंदाने खात आणि चुलीजवळ झोपत.

२

त्या हिवाळ्यात ओनोराला दिवस गेलेले होते. आधीची दोन पोटातच गेली होती, त्यामुळे दिआर्मिड तिला पाण्याची घागरही उचलू देत नसे.

एका दुपारी लाल डगलेवाले सैनिक खोऱ्यात शिरले. कुणीतरी चुगली केली होती. त्यांनी खालच्या वस्तीतली घरं उसकटली, एका म्हाताऱ्याला छपरासकट घर जाळण्याची धमकी दिली आणि तिथेच मुक्काम ठोकला. कूमरोत सगळ्यांनी दारं लावून घेतली. बाहेर बर्फाळ पाऊस पडत होता. आकाशात अजून थोडा उजेड होता.

दारावर थाप पडली. हळू, बोटांच्या पेरांनी.

"ओनोरा, मी आहे गं. दार उघड."

पाठोपाठ खोकला. दिआर्मिड लगेच उठला. ओनोराने त्याची बाही धरली.

"सोड," तो कुजबुजला. "फादर आहेत."

"मला ऐकू येतंय." तिने पोटावर हात ठेवला. "सैनिक सकाळी इथे येतील. त्यांनी चुलीजवळ ओली वहाण जरी पाहिली तरी तुला नेतील. मग माझं काय? याचं काय?"

"बाहेर मरतील ते."

"नाबलाकडे जातील. तिला पोरंबाळं नाहीत, नवरा नाही. तिने उघडावं."

दिआर्मिड तसाच उभा राहिला. त्याने जोर केला असता तर बाही सुटली असती. त्याने जोर केला नाही.

बाहेर बराच वेळ काही आवाज नव्हता. ओनोराला वाटलं, गेले. तेवढ्यात दाराला अगदी चिकटून आवाज आला. "असू दे, पोरी. सांभाळ स्वतःला." मग ते दोन-चार शब्द लॅटिनमध्ये बोलले. तिला कळलं, ते घराला आशीर्वाद देताहेत. मग पावलं चिखलातून निघाली.

नाबलाच्या दारावर थाप पडलेली तिला ऐकू आली. नंतर पलीकडच्या दारावर. कुठल्याच दाराचा अडसर सरकल्याचा आवाज आला नाही. पण वारा होता, पाऊस होता. आवाज सगळा कसा ऐकू येणार, असं ती स्वतःला सांगत राहिली.

३

सैनिक आले, कणग्या उपसून गेले. त्यांना काही सापडलं नाही. ते खोऱ्यातून निघून गेल्यावर ओनोरा ओढ्यावर नाबलाला भेटली.

"सगळं ठीक ना तुझ्याकडे?" ओनोराने विचारलं.

"माझ्याकडे काय होणार?" नाबला फडका पिळत म्हणाली. "तुझ्याकडे?"

"ठीक."

दोघी आपापल्या वाटेने गेल्या.

रविवारी दिआर्मिडने पडदा टांगला. माणसं आली, गुडघ्यावर बसली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. फादर येतील की नाही, हेही कुणी विचारलं नाही. शांतता लांबत गेली. आणि मग पडद्यामागून मिस्सा सुरू झाली.

तोच आवाज. तेच शब्द. ओनोराला रडूच कोसळलं. म्हणजे कुणीतरी दार उघडलं होतं! तिने मनात सगळ्या शेजाऱ्यांचे आभार मानले, एकेका घराचं नाव घेऊन.

मिस्सा अर्ध्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की फादर एकदाही खोकले नाहीत.

बरं झालं, ती मनाशी म्हणाली. कुणीतरी काढा दिला असेल. उबदार जागा मिळाली असेल. तिने मान जराशी वर केली. कडाक्याची थंडी होती. गुडघ्यावर बसलेल्या प्रत्येक माणसाच्या तोंडातून वाफ निघत होती आणि सगळ्यांची मिळून छपराविना उघड्या मेंढवाड्यात वर चढत होती. पडद्याच्या वर मात्र हवा स्वच्छ होती. आवाज येत होता, वाफ नव्हती.

फटीतून हात बाहेर आला तेव्हा तिने जीभ पुढे केली, डोळे मिटले. बोट ओठाला लागलं. ओढ्यातल्या दगडाला ओठ लावावेत तसं.

नंतर पडदा उतरवताना तिला खालची कडा ओली लागली. आतल्या बाजूने. पाणी तपकिरी होतं, दलदलीतल्या पाण्यासारखं. जमिनीवर पाऊस साचलेला असणारच. तिने कडा पिळली, आणि हात स्कर्टला पुसायला गेली, तो मध्येच थांबली. मग गवताला पुसले.

४

पुढचे काही आठवडे असेच गेले. दर रविवारी आवाज, दर रविवारी हात, दर रविवारी ओली कडा.

फादर त्यांच्याकडे राहायला यायची पाळी येऊन गेली. ओनोराने एका माणसापुरते जास्तीचे बटाटे उकडले आणि सकाळी ते डुकराला घातले. दिआर्मिडने काही विचारलं नाही.

शेवटी तिने नाबलाला गाठलं. "फादर हल्ली कुणाकडे असतात गं?"

नाबलाने तिच्याकडे निरखून पाहिलं. "का? तुमच्याकडे आले नव्हते?"

ओनोराच्या तोंडून निघून गेलं, "आले होते की. मंगळवारी. चांगले पोटभर जेवले."

"हो?" नाबला म्हणाली. "आमच्याकडे त्याच्या आदल्या दिवशी. माझ्या ताकाला नावं ठेवत होते मेले."

दोघी हसल्या. ओनोराला हसता हसता कळलं की नाबला खोटं बोलतेय. आणि नाबलाच्या डोळ्यांवरून कळलं की तिलाही आपलं खोटं कळलंय. हसू एकदम थांबवणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्या आणखी थोडा वेळ हसत राहिल्या.

त्याच आठवड्यात त्यांची कालवड सुटली. दिआर्मिड तिला शोधायला दलदलीकडे गेला. उन्हं उतरायच्या आत परतला, तर कोपरापर्यंत काळ्या चिखलाने भरलेला. कालवड बरोबर नव्हती. त्याने हात धुतले. आत येऊन बसला, पुन्हा उठला, पुन्हा धुतले.

"सापडली का?" ओनोराने विचारलं.

"कोण?" तो दचकून म्हणाला.

"कालवड."

"नाही."

ती ताट घेऊन आली. त्याने ते बाजूला सारलं.

"एवढा चिखल कशाने?"

"दगड रचत होतो. एका खड्ड्यावर." तो चुलीकडे बघत होता. "गुरं पडू नयेत म्हणून."

"दिआर्मिड."

"खड्डा होता, ओनोरा. बर्फ वितळलं, म्हणून दिसला. मी दगड रचले, प्रार्थना म्हटली आणि आलो. एवढंच."

"खड्ड्यावर प्रार्थना कोण म्हणतं?"

तिने त्याचे खांदे धरून हलवलं. तेव्हा तो तिच्या पोटाला कपाळ टेकवून म्हणाला, "बराच जुना आहे. त्या सैनिकांच्या दिवसाइतका जुना. मला आणखी विचारू नको."

तिला पोटात बाळ फिरल्याचं जाणवलं. त्यालाही कपाळाला जाणवलं असणार, पण त्याने डोकं काढलं नाही.

५

"रविवारी जायचं नाही," दिआर्मिड म्हणाला.

"आपण नाही गेलो तर पडदा कोण नेणार? लोक काय म्हणतील? का नाही आलात विचारतील, तर काय सांगशील?"

हा प्रश्न खरा होता. तो सुटला नाही, म्हणून ते गेले.

पडदा टांगला. माणसं आली. आवाज सुरू झाला. ओनोराने आजूबाजूला पाहिलं आणि तिला पहिल्यांदाच दिसलं की सगळेच घाबरलेले आहेत. पलीकडच्या घरातला थोरला भाऊ ओठ चावत होता. त्याची बायको जपमाळेचे मणी न फिरवता नुसती मुठीत आवळून बसली होती. नाबलाने चेहरा हातांत लपवला होता. यांच्यापैकी एकाने जरी दार उघडलं असतं, तर तो तरी आज असा घाबरून बसला नसता.

फटीतून हात बाहेर आला. कोणी उठलं नाही.

हात तसाच राहिला. पांढरा, बोटांच्या टोकांवरची कातडी पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी सुरकुतलेली, नखांत काळी माती. बोटांच्या चिमटीत भाकरीचा पांढरा तुकडा. मनगटावरून एक थेंब ओघळला आणि चिखलात पडला. हात थरथरत नव्हता. त्याला घाई नव्हती.

न उठणं म्हणजे सगळ्यांसमोर सांगणं, की मला ठाऊक आहे. आणि ठाऊक आहे म्हणजे कसं ठाऊक आहे, तेही सांगणं. शेवटी थोरला भाऊ उठला. मग त्याची बायको. मग नाबला, जड पावलांनी. मग एकेक करून सगळे. प्रत्येकाने तोंड उघडलं, गिळलं, आणि आपल्या जागी येऊन मान खाली घातली.

ओनोरा शेवटी गेली. जिभेवर दलदलीतल्या मातीची चव आली. आणि अगदी सवयीने, जसं ती दर रविवारी म्हणायची तसं, ती हळूच म्हणाली, "आभारी आहे, फादर."

पडद्यामागून कोणी काही म्हणालं नाही. पण हात मागे जाण्याआधी किंचित थबकला.

६

मुलगी मार्चमध्ये झाली. धडधाकट, लालबुंद, केसाळ. नाबलाने तिला पायाला धरून उचललं आणि म्हणाली, "हिच्या आवाजाने सैनिक परत येतील, बघ!"

ओनोरा हसली आणि लगेच गंभीर झाली. "नाबला, तूच हिच्या डोक्यावर पाणी घाल. बाप्तिस्मा देऊन टाक. सुईणीला चालतं ना?"

"जीव जायच्या बेतात असेल तर चालतं. ही आपल्या दोघींना पोचवून मग जाईल." नाबलाने बाळ तिच्या कुशीत ठेवलं. तिचा आवाज खाली आला. "खोटं सांगून देवाला नाही फसवायचं, ओनोरा. बाकी पुष्कळ झालंय आपलं."

ओनोराने बाळाला छातीशी लावलं.

दिआर्मिडने दुसरा मार्ग काढला. रात्रंदिवस विचार करून त्याचे डोळे खोल गेले होते. "शहरातल्या सरकारी पंथाच्या देवळात नेऊ तिला. तिथला पाद्री देईल बाप्तिस्मा. नाव लिहून घेईल. कायद्यात बसतं. आपल्याला कोणी काही म्हणणार नाही."

"त्यांच्या देवळात?" ओनोरा म्हणाली. "मग इतके दिवस चिखलात गुडघे कशाला फोडले? मग फादर दारोदार कशाला हिंडले?"

"तिला त्या हातात देणार आहेस? तुझं पोर?"

ओनोराने बाळाच्या कपाळावरून बोट फिरवलं. ते उबदार होतं. तिला वाटलं, हिच्याचसाठी मी बाही धरली होती. हे हिला कधीतरी समजेल का? समजलं तर ही आपल्याकडे कशी बघेल?

"त्यांनी या घराला आशीर्वाद दिला होता," ती म्हणाली. "बाहेर उभं राहून. हिला त्यांच्याकडून काही होणार नाही."

"तुला खात्री आहे?"

"नाही," ती म्हणाली.

७

त्या रविवारी पाऊस नव्हता. मिस्सा झाल्यावर माणसं उठली नाहीत. आज बाप्तिस्मा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. ओनोरा बाळाला घेऊन पडद्यापर्यंत गेली, आणि दिआर्मिड तिच्या मागे, हात अर्धवट पुढे करून, जसं कड्याजवळ गेलेल्या माणसामागे आपण जातो.

फटीतून आता दोन्ही हात बाहेर आले. तळवे वर.

ओनोराला तिथेच बोलावंसं वाटलं. ती वाक्यं तिने घरी जुळवून आणली होती. पण तोंड उघडल्यावर त्यांतलं काहीच आलं नाही. "फादर," ती म्हणाली, "दिआर्मिड उठला होता. मी त्याला धरलं. मी."

मागे कुणाचा तरी हुंदका फुटला. नाबलाचा असावा. हात तसेच राहिले. तिने बाळ त्यांवर ठेवलं.

हात आत गेले. घोंगड्याची फट मिटली.

लॅटिन शब्द सुरू झाले. पाणी पडल्याचा आवाज झाला. बाळ रडलं नाही. त्या पोरीला नुसता फडका ओला लागला तरी ती घर डोक्यावर घ्यायची. शब्द संपले. मग काहीच नाही. ओनोरा थांबली. मागे माणसांनी श्वास धरले होते. दिआर्मिड म्हणाला, "पुरे. घे तिला. घे!"

तिने फटीतून हात आत घातला. आत हवा फार गार होती. तिची बोटं चाचपडली आणि कुणीतरी ती धरली. घट्ट नाही. थंडीत फार वेळ राहिलेला माणूस चुलीजवळ आल्यावर गरम वाटीला हात लावतो, तशी. ओनोराला हात ओढून घ्यावासा का वाटला नाही, हेच तिला नंतर सांगता येईना.

दुसऱ्या हाताने तिने पडदा बाजूला केला.

बाळ दगडावर झोपलं होतं, नीट गुंडाळलेलं, कपाळ ओलं. त्याच्या बाजूला कोणी नव्हतं. पडद्याच्या आत कोणीच नव्हतं. तिचा हात मात्र अजून धरलेला होता. आणि समोर, खिंडाराच्या पलीकडे, उघड्या माळावर, एक माणूस पाठमोरा उभा होता. काळा, ओला डगला, खांदे वाकलेले. डोक्यावरच्या केसांत माती. दार उघडण्याची वाट बघत वळचणीला थांबावं तसा. पाऊस नव्हता, तरी त्याच्या डगल्यातून पाणी गळत होतं.

तो आत आलेला नव्हता. इतके रविवार तो आत आलेलाच नव्हता.

ओनोराने दोन शब्द म्हटले. ते तिला त्या संध्याकाळी म्हणायला हवे होते.

"आत या."

त्या माणसाचे खांदे हलले. तो वळू लागला. आधी कान दिसला, मग गालाची कड.

ओनोराने हात हिसकून घेतला, झडप घालून बाळ उचललं आणि पडदा सोडला.

८

पुढच्या रविवारी पडदा टांगला, माणसं आली, ऊन डोक्यावर येईपर्यंत गुडघ्यावर बसली. पडद्यामागे फक्त वारा होता. त्याच्या पुढच्या रविवारीही. मग माणसं यायची थांबली. खालची कडा कोरडी असे.

मुलगी वाढत होती. तिच्या कपाळाला काही झालं नव्हतं, तिच्यात काही वावगं नव्हतं. दिआर्मिड तिला खांद्यावर घेऊन फिरायचा. दलदलीतल्या त्या दगडांवर दर आठवड्याला कुणीतरी नवा दगड ठेवून येई. कोण, ते कुणी विचारत नव्हतं.

गावात कोणी ओनोराला काही बोललं नाही. पण ती ओढ्यावर आली की बायका बाजूला सरून तिला जागा देत, आणि ती जागा जरा जास्तच मोठी असे. तिच्यामुळे ते गेले, असं त्यांना वाटत होतं. भीती वाटे, तरी रविवारी कुणीतरी येत होतं. आता कोणीच नव्हतं.

एके दिवशी नाबला तिच्या शेजारी येऊन बसली. बराच वेळ दोघी कपडे आपटत राहिल्या.

"तो वळत होता म्हणालीस," नाबला म्हणाली. "मग पडदा का सोडलास? तूच तर बोलावलंस ना आत?"

"भीती वाटली."

"चेहऱ्याची? सडलेला असेल म्हणून?"

"नाही."

"मग? चिडलेला असेल म्हणून?"

ओनोराने पाण्यातून हात बाहेर काढले. ते गारठून पांढरे पडले होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"चिडलेला असता तर मी उभी राहिले असते, नाबला," ती म्हणाली. "गालाची कड दिसली तेवढ्यात कळलं. ते हसत होते. दार उघडलं की हसायचे, तसे."

नाबलाने कपडा आपटायचा थांबवला. थोड्या वेळाने तिने बाहीने डोळे पुसले, आणि दोघींनी पुन्हा कामाला हात लावला.